श्वसनस्नायूंची शक्ती : मोजमाप आणि नियोजन

कोविड-१९ च्या साथीत, २०२० साली, पीएम केअर्स निधीतून ५०,००० देशी व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. यंत्रांची उपलब्धता महत्त्वाची आहेच. परंतु यंत्राची गरज कोणाला व केव्हा भासणार, हे वेळीच ओळखणे नियोजनाच्या दृष्टीने तितकेच आवश्यक ठरते.

श्वसन हे मुख्यतः स्नायूंचे कार्य होय. मण्यार वा नागाचा दंश, गुलेन बॅरी सिंड्रोम (जीबीएस) किंवा स्नायूक्षय यांत फुफ्फुसे निरोगी असूनही श्वसनस्नायू दुर्बळ होतात. अशा वेळी ऑक्सिमीटरवरील आकडा बराच काळ समाधानकारक राहू शकतो. तो घसरेपर्यंत रुग्णाला हलविण्याची वेळ टळून गेलेली असते.

चाचणीचे स्वरूप

अन्ननलिकेत फुगा सरकवून दाब मोजण्याची पद्धत अचूक असली तरी त्रासदायक आहे. १९६९ मध्ये ब्लॅक व हायट या अमेरिकी संशोधकांनी तोंडावाटे दाब मोजण्याची सुलभ पद्धत मांडली. रुग्ण नाकाला चिमटा लावून श्वास पूर्ण सोडतो आणि बंद नळीतून सर्व शक्तीनिशी आत ओढतो. किमान एक सेकंद टिकलेला दाब नोंदविला जातो. केवळ गालांच्या जोराने आकडा वाढू नये म्हणून नळीला बारीक छिद्र असते. दाब ८० सेंटिमीटर पाण्याइतका वा अधिक असल्यास गंभीर दुर्बलता सहसा नाकारता येते. ओठ घट्ट मिटता न येणाऱ्यांसाठी नाकपुडीतून जोराने हुंगण्याची चाचणी उपयुक्त ठरते.

मात्र, चाचणी रुग्णाच्या प्रयत्नावर अवलंबून असते. कमी आकडा म्हणजे दुर्बलताच, असे नव्हे; म्हणून ती पुनःपुन्हा घ्यावी लागते. जीबीएसमध्ये हा दाब ३० पेक्षा कमी होणे हा धोक्याचा इशारा मानला जातो. उपकरण नसेल तेथे एका श्वासात किती अंक मोजता येतात, हे दर काही वेळाने पाहिले तरी ढासळती शक्ती लक्षात येते.

धोरणात्मक विचार

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्याने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२५ च्या प्रारंभी पुण्यात जीबीएसचा उद्रेक झाला. अशा प्रसंगी ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेला दाबमापक व त्याचे प्रशिक्षण मिळाले, तर रुग्ण वेळेत जिल्हा रुग्णालयात पोहोचेल. मोठ्या गुंतवणुकीचे फलित अनेकदा अशा लहान मोजमापांवरच अवलंबून असते.