माल वाहणाऱ्या गाडीचे पाटे व शॉकअप : हंगामापूर्वी घ्यावयाची काळजी

द्राक्षाचा घड वेलीवर चार महिने जपावा आणि तासगावहून माधवनगरपर्यंत येईतो पेटीच्या तळाशी मणी सुटलेले दिसावेत, हा अनुभव बागायतदार बंधूंना नवा नाही. दोष काढणीला, पेटीला किंवा रस्त्याला दिला जातो. गाडीखाली वाकून सहसा कोणी पाहत नाही.

रस्त्याचा दोष काही अंशी खरा आहे. या पट्ट्यातील काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट प्रकारची चिकणमाती असते. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे वरचे डांबर चांगले असले तरी रस्त्याला लाटा येतात. जमिनीचा हा स्वभाव बदलणे आपल्या हातात नाही. गाडी मात्र आहे.

पिकअपच्या मागील चाकांवर एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. जुन्या जीपला ते चारही चाकांवर असत. भार पेलणे व धक्का घेणे हे पाट्यांचे काम. दबलेला पाटा पुन्हा उसळतो व गाडी हेलकावत राहते. ती उसळी मारण्यासाठी शॉकअप असतो. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. शॉकअप भार उचलत नाही, हे नीट लक्षात घ्यावे.

येथेच गल्लत होते. गाडी उसळू लागली की एक जादा पाटा घालून घेण्याची पद्धत आहे. दोष शॉकअपचा असेल तर या उपायाने तो वाढतो. त्याच वजनाला पाट्यांचा कडकपणा चौपट केला तर हेलकाव्यांची गती दुप्पट होते. चार किलोच्या दोन-अडीचशे पेट्या म्हणजे साधारण एक टन माल. तो कडक पाट्यांवर थरथरतच जातो. सर्वांत जास्त मार मागील बाजूच्या वरच्या थरातील पेट्यांना बसतो. शिवाय जादा पाट्याने गाडीचा आस किंवा ब्रेक मजबूत होत नाहीत. उसळणारे चाक क्षणभर रस्ता सोडते व तेवढा वेळ ब्रेक लागत नाही. मालाच्या नुकसानीपेक्षा हे अधिक गंभीर आहे.

ऑक्टोबर छाटणीपूर्वी गाडी रिकामी व सपाट जागी उभी करून तपासावी. एक कोपरा दोन-तीन वेळा जोराने दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. डोलत राहिल्यास शॉकअप संपला असे समजावे. मागील पाटे कडक असल्याने तेथे ही परीक्षा पुरेशी नाही. त्यासाठी शॉकअपवर तेलाचे ओघळ आहेत का आणि टायरवर ठिकठिकाणी खळगे पडून झीज झाली आहे का, ते पाहावे. शॉकअप बदलताना एका आसावरील दोन्ही बदलावेत.

पाट्यांवर आडवी तांबूस रेघ दिसल्यास ती घासून पाहावी. तडा असू शकतो. यू-बोल्टच्या नटांकडे दुर्लक्ष करू नये. ते सैल राहिले की मधला सेंटर बोल्ट तुटतो, आस सरकतो आणि गाडी तिरकी चालते. सरी पाडताना आपण दोरी धरतो, तशीच येथे धरावी. स्टेअरिंग सरळ ठेवून पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. फरक आढळल्यास मेकॅनिकला दाखवावे.

धुलाईनंतर पाट्यांवर जळके ऑइल किंवा डिझेल मारण्याची सवय सोडावी. त्याने रबरी बुश फुगून फाटतात आणि धूळ चिकटते. ग्रीस निपल असलेल्या शॅकल पिनांना मात्र ग्रीस वेळेवर द्यावे. नवे पाटे बसविल्यास भरलेल्या गाडीच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. आसाखाली मजबूत स्टँड व चाकांना उटी लावूनच काम करावे.