वादळ आवडणाऱ्यांसाठी

वैशाखात दुपार कलली, की कारेगावच्या गच्च्यांवर माणसं दिसायला लागतात. रांजणगाव एमआयडीसीच्या शेडमागून काळानिळा ढग चढत असतो, वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगलेला. बघणाऱ्यांत मीही असतो. ढग बगल देऊन गेला, की चुकचुकायला होतं. पण त्याच गच्चीवरून खाली कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या दिसतात, पलीकडे रानात काढून टाकलेला कांदा दिसतो. मग त्या चुकचुकण्याची लाज वाटते.

एका वळवात शेजारच्या कांद्याच्या बराखीवरचे पत्रे उडाले. एक पत्रा विजेच्या तारांवर आदळला, ठिणग्या उडाल्या आणि आजूबाजूचे मोबाईल वर झाले. पाऊस थांबायच्या आत तो व्हिडिओ गाणं लावून अनेकांच्या स्टेटसला होता. बराखीच्या मालकाने आपलेच पत्रे उडताना दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहिले. तो चिडला नाही. समोरच्या पोराला एवढंच म्हणाला, "झालं आसंल काढून, तर ताडपत्रीचं टोक धर."

3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा आम्ही दिवसभर टीव्हीवर त्या पांढऱ्या भोवऱ्याचं रूप न्याहाळत होतो. त्याच्याखाली कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या होत होत्या आणि आपल्या पुणे जिल्ह्यातली पॉलीहाऊस फाटत होती.

तरी माझं म्हणणं असं, की ही ओढ मारू नका. पावसावर जगणारा माणूस आभाळाकडे बघणारच. तिला काम द्या आणि मर्यादा घाला.

बघायचं ते ढग लांब असताना. मोठ्या ढगातून पावसाबरोबर कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून पुढे पसरते, म्हणून सरींच्या आधी धुरळा येतो. तो गार झोत सुखाचा वाटतो, पण तेव्हा हातात मोजकी मिनिटं उरलेली असतात. कांदा झाका, झाडाखालची जनावरं सोडून गोठ्यात न्या, शेजारच्यांना हाक मारा. ज्याला ढग आधी दिसला, त्याने आधी सांगायचं.

वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. गच्ची सोडून पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये असू द्या.

नगर रस्त्यावर असाल, तर जाहिरातीच्या फलकाखाली गाडी लावू नका. 13 मे 2024 ला घाटकोपरला अशाच वाऱ्यात पेट्रोल पंपावर फलक कोसळला आणि 17 जण गेले.

वादळ सरल्यावर मोबाईल जरूर काढा, पण मालकाला विचारून. पडझड आवरायच्या आधीचे फोटो पंचनाम्याला उपयोगी पडतात. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त असलं तरच सरकारी मदत मिळते, त्यामुळे शेताच्या चारही कोपऱ्यांचे फोटो घ्या. तलाठी येईपर्यंत निम्मं आवरलेलं असतं. तेव्हा तुमचा फोटो दाखवता येतो. वादळाचं वेड असं कुणाच्या कामी आलं, तर त्याची लाज बाळगायचं कारण नाही.