'सॉरी' म्हणण्याआधी : नॉर्थ कॅरोलायनात अपघाताची भरपाई मागताना

आमच्या शेजारच्या वस्तीत एका मुलीचे आईवडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. संध्याकाळी फिरायला गेलेल्या आईला वळणाऱ्या गाडीचा धक्का बसला आणि मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याच्या विमा कंपनीचा फोन आला. समोरच्या बाईंनी आधी आईची मायेनं चौकशी केली. बोलण्याच्या ओघात मुलगी म्हणून गेली, "आईचंही थोडं चुकलंच, तिनं सवयीनं उलट्या बाजूला बघितलं." फोन रेकॉर्ड होत होता. पुढं पत्र आलं ते नकाराचं. अर्धी नाही, पाव नाही, काहीच भरपाई नाही.

इथला कायदाच तसा आहे. अलाबामा, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना ही चार राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांनी एक जुना नियम अजून धरून ठेवला आहे : जखमी माणसाचाही दोष अपघाताला कारण ठरला, तर तो कितीही थोडा असो, त्याचा दावा बुडाला. वॉशिंग्टननं २०१६ मध्ये पादचारी आणि सायकलवाल्यांना यातून बरंचसं सोडवलं. बाकी ठिकाणी नियम तसाच आहे. त्याचं मूळ १८०९ सालच्या एका इंग्रजी खटल्यात सापडतं. रस्त्यात आडव्या टाकलेल्या दांड्याला तिन्हीसांजेला भरधाव घोडेस्वार अडखळून पडला. सावकाश असतास तर दांडा दिसला असता, असं म्हणून कोर्टानं त्याला परत पाठवलं. खुद्द इंग्लंडनं हा नियम १९४५ मध्ये मोडीत काढला. आपल्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जखमीचा वीस टक्के दोष निघाला, तर दहा लाखांचे आठ लाख होतात. इथं त्याच दोषाला शून्य मिळतं. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण तो बदलेपर्यंत त्याच्यातूनच वाट काढायची आहे. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण इथं शब्दशः खरी ठरते.

सगळ्यात आधी एक प्रश्न विचारा : अपघात काम करताना झाला का? तसं असेल तर मार्गच वेगळा आहे. कामगार भरपाईच्या कायद्यात तुमची साधी चूक आड येत नाही. मालकाला तीस दिवसांच्या आत लेखी कळवा आणि इंडस्ट्रियल कमिशनकडे अठरा नंबरचा फॉर्म भरा. त्याची मुदत दोन वर्षांची आहे. कामाच्या गाडीतून जाताना दुसऱ्यानं ठोकलं असेल, तर त्या दुसऱ्यावरचा दावा याखेरीज उभा राहू शकतो.

काम नसेल, तर पुढचं सगळं अपघाताच्या जागेपासून सुरू होतं. ९११ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत तिथंच थांबा. कुणी जखमी झालं असेल किंवा हजार डॉलरच्या वर नुकसान असेल, तर चालकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पोलीस जो अहवाल लिहितात त्याला डीएमव्ही-३४९ म्हणतात. पुढं विमा कंपनी आधी तोच उघडते, म्हणून त्यात तुमची बाजू यायलाच हवी. आईवडिलांना इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागा. नातवाला भाषांतर करायला लावू नका, घाबरलेलं मूल काहीही बोलतं.

पोलिसांशी खरं आणि मोजकं बोला. काय दिसलं, सिग्नल कोणता होता, गाडी कुठून आली, एवढंच सांगायचं. "माझं लक्ष नव्हतं बहुतेक", "मीच जरा घाई केली", "सॉरी हं" ही वाक्यं आपल्या तोंडी शिष्टाचार म्हणून येतात. कोर्टात मात्र ती कबुली म्हणून वाचली जातात. उपचार बिघडल्यावर डॉक्टरनं मागितलेली माफी निष्काळजीपणाचा पुरावा धरायची नाही, असा नियम या राज्यात आहे. रस्त्यावरच्या तुमच्या माफीला तसं कवच नाही. खोटं बोला असं मी मुळीच म्हणत नाही. दोष कुणाचा हे ठरवण्याचं काम मात्र तुमचं नाही आणि त्या क्षणी तुम्हाला सगळं ठाऊकही नसतं.

मग फोटो काढा. गाडीचा पोचा सगळेच टिपतात. तुम्ही मात्र तुमची निर्दोषता दाखवणाऱ्या गोष्टी टिपा : झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, चालण्याचा सिग्नल, पदपथ कुठं संपतो, रस्त्यावरचे दिवे, तुमच्या कपड्यांचा रंग, चष्मा. साक्षीदारांचे नंबर तिथल्या तिथं घ्या. जवळच्या दुकानाचा किंवा घराच्या दाराचा कॅमेरा शोधा. त्यातलं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती त्याच आठवड्यात लेखी पाठवा.

डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. "आता बरं आहे" हे आपल्या मंडळींचं दुसरं घातक वाक्य. ते कागदावर जसंच्या तसं उतरतं. कुठं दुखतं, किती दुखतं, रात्री झोप लागते का, हे न लाजता सांगा. अपघात कसा झाला हे परिचारिका विचारते तेव्हाही तीच मोजकी हकिकत सांगा, कारण ती नोंदही पुढं वाचली जाते.

आता तो फोन. समोरच्याच्या विमा कंपनीला रेकॉर्ड केलेलं निवेदन देण्याचं तुमच्यावर बंधन नाही. नाव आणि अपघाताची तारीख सांगा, पुढचं लेखी कळवतो म्हणा आणि फोन ठेवा. हे उद्धटपणाचं नाही. तुमच्या सगळ्या जुन्या वैद्यकीय नोंदी उघडणाऱ्या संमतीपत्रावर सही करू नका. स्वतःच्या विमा कंपनीचं मात्र वेगळं आहे. तिला कळवणं आणि सहकार्य करणं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. पोलिसांनी तुम्हालाच तिकीट दिलं असेल तर घाईनं पैसे भरून मोकळे होऊ नका. पैसे भरणं म्हणजे दोष मान्य करणं, आणि ते दाव्यात तुमच्यावर उलटू शकतं. आधी वकिलाला दाखवा.

तुमचा दोष सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर असतो, हे या राज्याच्या कायद्यात स्पष्ट आहे. ते कुठं बोट ठेवतील, हे मात्र आधीच ओळखून ठेवा. पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत ती जागा ठरलेली आहे. क्रॉसिंग नसलेल्या जागी रस्ता ओलांडणाऱ्यानं गाडीला वाट द्यायची असते. पदपथ असेल तर त्यावरूनच चालायचं, नसेल तर रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. भारतातून आलेले आईवडील रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघतात, इथं गाडी आधी डावीकडून येते. त्यांना विमानतळावरून आणलंत की पहिल्याच संध्याकाळी हे प्रत्यक्ष चालून दाखवा.

कायद्यानं काही दारंही उघडी ठेवली आहेत. अपघात टाळण्याची अखेरची स्पष्ट संधी चालकाकडे होती आणि त्यानं ती घालवली, तर तुमची आधीची चूक दावा बुडवत नाही. चालक दारू पिऊन किंवा बेदरकार चालवत असेल, तर तुमचा साधा निष्काळजीपणा आड येत नाही. सात वर्षांखालच्या मुलाला असा दोष लावताच येत नाही. सात ते चौदा वयातही मूल दोषी नाही असंच धरून चालतात, उलटं सिद्ध करणं समोरच्यावर. सीटबेल्ट लावला नव्हता हा मुद्दा अशा दाव्यात पुरावा म्हणून आणता येत नाही. यांपैकी काही तुम्हाला लागू होत असेल तर ते पहिल्याच पत्रात लिहा.

वकील लवकर गाठा. पहिली भेट बहुतेक ठिकाणी फुकट असते. फी जिंकल्यावर, साधारण तिसरा हिस्सा, आणि तो करार लेखीच हवा. वकिलाला सगळं सांगा, स्वतःची चूक वाटते तीही. त्याच्यापासून लपवलेलं समोरच्या वकिलाला सापडतं. रुग्णालयाची थकलेली बिलंही भरपाईतून वसूल होतात, पण वकिलाची फी वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त त्यांना घेता येत नाही. हा हिशोब तडजोडीआधी कागदावर मांडून घ्या. समोरच्याचा विमाही बघा. १ जुलै २०२५ पासून नव्या किंवा नूतनीकरण झालेल्या पॉलिसीत माणशी किमान पन्नास हजार डॉलरचं संरक्षण असतं. मोठ्या शस्त्रक्रियेला ते पुरत नाही, तेव्हा तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतलं कमी विम्याच्या गाड्यांविरुद्धचं संरक्षण कामी येतं.

गाडीच्या नुकसानीचे पैसे आधी घेतल्यानं शरीराच्या इजेचा दावा आपोआप संपत नाही. मात्र कागदावर "सर्व दावे" असे शब्द नाहीत ना, हे वाचूनच सही करा. इजेची मागणी उपचार स्थिर झाल्यावर पाठवायची. बोलणी फिसकटली तर पंचवीस हजार डॉलरपर्यंत डिस्ट्रिक्ट कोर्ट, त्यावर सुपीरियर कोर्ट. तिथं खटल्याआधी मध्यस्थाची बैठक होते आणि पुष्कळ दावे त्या टेबलावरच मिटतात.

इजेचा दावा अपघातापासून तीन वर्षांच्या आत कोर्टात दाखल व्हायला हवा, माणूस दगावला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षांत. विमा कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ती तारीख आजच लिहून ठेवा, आणि तिच्या सहा महिने आधीची सुद्धा.