नोटरीपदाचा अर्ज करणाऱ्या तरुण वकिलांस

जिल्हा न्यायालयाच्या आवारात ज्याची उमेद आणि उत्तरवय दोन्ही गेली, अशा वकिलाकडे तरुण सहव्यवसायी ज्या कामांसाठी हक्काने येतात, त्यांत नोटरीपदाचा अर्ज एकवार नजरेखालून घालून घेणे हे एक काम असते. आणि मी स्वतः दीर्घकाळ नोटरीचे काम करीत असल्यामुळे असे अर्ज माझ्या मेजावर पुष्कळ आले. त्यांतील जे नामंजूर झाले त्यांची कागदपत्रे पुन्हा चाळताना माझ्या मनात एक गोष्ट दृढ झाली, ती ही की अर्जदाराचे कायद्याचे ज्ञान सहसा कमी पडत नाही. आपल्याच विधानांना पुरावा काय, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारलेला नसतो. दुसऱ्याच्या कथनावर प्रमाणतेची मोहोर उमटविण्याचा अधिकार जो सरकारकडे मागतो, त्याच्या अर्जातील प्रत्येक तारीख, प्रत्येक नाव आणि प्रत्येक सही पारखून घेतली जावी, हे मला सर्वथा न्याय्य वाटते.

पहिली अडचण वर्षांच्या हिशेबाची. १९५६च्या नोटरी नियमांप्रमाणे वकिलास किमान दहा वर्षांचा, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांतील वकिलांस तसेच स्त्री-वकिलांस सात वर्षांचा व्यवसाय झालेला असावा लागतो. येथे व्यवसाय म्हणजे प्रत्यक्ष चाललेली वकिली. सनदेवरील तारखेपासून आजपर्यंत उलटलेली वर्षे मोजून भागत नाही. माझ्या परिचयाच्या एका सज्जनांची सनद बारा वर्षांपूर्वीची होती, परंतु मधली तीन वर्षे ते एका कंपनीत पगारी विधी अधिकारी होते. पूर्णवेळ वेतनी नोकरी पत्करणाऱ्याने वकिली स्थगित ठेवावी, असा बार कौन्सिलचा दंडक असल्यामुळे ती तीन वर्षे वजा झाली आणि हाती नऊच उरली. त्यांच्या मनात कपट नव्हते. परंतु अर्जात 'सलग बारा वर्षे' असे शब्द पडले होते, आणि चौकशीत ते शब्द त्यांच्या सचोटीवर शंका घेण्यास पुरेसे ठरले. म्हणून वकीलपत्रे, रोजनाम्यांच्या नकला आणि वकील संघाचा दाखला यांच्या आधाराने एकेक वर्ष सिद्ध करता येते की नाही, हे आधी पाहावे आणि मगच आकडा लिहावा.

नावाविषयीही असेच. विवाहापूर्वीच्या नावाने सनद घेतलेल्या कितीतरी भगिनी विवाहोत्तर नावाने अर्ज करतात. पदवीपत्रावर एक नाव, सनदेवर दुसरे आणि निवासाच्या पुराव्यावर तिसरे, अशी स्थिती असली की कारकुनापासून वरपर्यंत कोणीही ते प्रकरण पुढे सरकवीत नाही. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या दप्तरी नावाची दुरुस्ती आधी करून घ्यावी. अर्जासोबत केवळ प्रतिज्ञापत्र जोडून वेळ मारून नेऊ नये.

परंतु ज्याविषयी मला सर्वांत कळकळीने सांगावयाचे आहे, ती बाब प्रतिस्वाक्षऱ्यांची. वकिलाच्या अर्जावर न्यायदंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचे व्यवस्थापक, एक व्यापारी आणि ज्या भागात काम करावयाचे त्या भागातील दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या सह्या नियमाने अपेक्षिल्या आहेत. न्यायासन, पेढी, बाजार आणि वस्ती या ज्या ठिकाणी नोटरीचे काम पडते, त्या सर्वांनी या माणसास ओळखावे, असा मला त्या योजनेमागील हेतू दिसतो. प्रत्यक्षात मात्र अर्ज कोराच ठेवून आधी सह्या गोळा करणे, बँकेतील ओळखीच्या दुय्यम अधिकाऱ्याकडून व्यवस्थापकाच्या जागी सही घेणे, किंवा दुसऱ्या तालुक्यातील नातलगास 'प्रतिष्ठित रहिवासी' म्हणून उभे करणे, असे प्रकार मी पाहिले आहेत, आणि दरवेळी मला मनस्वी खेद झाला आहे. आपल्यासमोर न झालेल्या सहीचे साक्षांकन करणे हा नोटरीच्या हातून घडणारा अत्यंत गंभीर दोष; त्याच दोषाचा आश्रय घेऊन पदाची याचना करावी, याहून मोठी विसंगती कोणती? संपूर्ण भरलेला अर्ज घेऊन प्रत्येकाकडे स्वतः जावे, त्यांना तो वाचू द्यावा, आणि जो आपणास ओळखत नाही त्याची सही मागूच नये. यात दिवस जातात, ते जाऊ द्यावेत.

अर्ज संबंधित जिल्हा न्यायाधीशांमार्फत, अथवा ज्या न्यायालयात वा न्यायाधिकरणात आपण वकिली करता तेथील पीठासीन अधिकाऱ्यांमार्फत गेला पाहिजे. परस्पर मंत्रालयात धाडलेला कागद व्यर्थ जातो. प्रत्येक राज्यातील नोटरींच्या संख्येस कमाल मर्यादा असते, तेव्हा आपल्या भागात जागा आहे की नाही, याची विचारपूस आधी करावी.

त्या भागाचे व्यापारी महत्त्व, तेथे काम करणाऱ्या नोटरींची संख्या आणि अर्जदाराचे व्यापारी कायद्याचे ज्ञान यांचा विचार सरकारने करावा, असेही नियम सांगतात. मुलाखतीस जाणाऱ्यांनी हे फारसे ध्यानात घेतलेले दिसत नाही. न्यायालयाबाहेर दिवसभर प्रतिज्ञापत्रे आणि भाडेकरार पाहिल्यामुळे नोटरीचे काम तेवढेच, अशी त्यांची समजूत झालेली असते. १९५२च्या नोटरी अधिनियमाचे आठवे कलम उघडून पाहावे: वचनचिठ्ठी, हुंडी अथवा विनिमयपत्र स्वीकृतीसाठी वा भरण्यासाठी सादर करणे, ते न स्वीकारल्यास त्याची नोंद व निषेध करणे, जहाजाच्या भाडेपट्ट्याचे करार तयार करणे, एका भाषेतील दस्तऐवजाचे दुसऱ्या भाषेत भाषांतर करून ते प्रमाणित करणे, अशी कामे तेथे दिली आहेत. १८८१चा परक्राम्य संलेख अधिनियम आणि हे आठवे कलम शांतपणे वाचून गेलेला अर्जदार मंडळासमोर गोंधळत नाही.

अर्ज नामंजूर झाला तर त्या तारखेपासून सहा महिने उलटण्यापूर्वी केलेला नवा अर्ज पुन्हा फेटाळला जातो. तो काळ दुरुस्तीसाठी वापरावा, आणि जुन्याच अर्जाची प्रत नवी तारीख घालून पाठवू नये. मंजुरी मिळाली तरी घाई नकोच. निवडीची वार्ता कानी पडताच शिक्का कोरून घेणारे उत्साही तरुण मला ठाऊक आहेत. पाच सेंटिमीटर व्यासाच्या त्या वर्तुळाकार शिक्क्यावर नाव आणि कार्यक्षेत्र यांच्याबरोबर नोंदणी क्रमांकही असावा लागतो, आणि तो क्रमांक नोंदवहीत नाव चढल्याखेरीज मिळत नाही. शिवाय व्यवसायाचे प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी नोटरी म्हणून केलेले कोणतेही कृत्य हा अधिनियमाच्या बाराव्या कलमाखाली कारावासास पात्र अपराध आहे. प्रमाणपत्र आल्यावर त्यावरील नाव, क्षेत्र आणि पाच वर्षांच्या मुदतीची अखेरची तारीख अक्षरशः ताडून पाहावी, चूक आढळल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे, आणि त्यानंतरच शिक्का करावयास द्यावा.