आंब्याने निवडलेली गाडी

नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे राहायला आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर. 2014 पासून दर मोसमात मी देवगडचा हापूस मागवते आणि दिल्लीतल्या मराठी घरांत पोचवते. क्वार्टरमध्ये धंदा करता येत नाही, म्हणून शेजारच्या मोहम्मदपूर गावात एक खोली भाड्याने घेतली आहे. पेट्या रत्नागिरी स्टेशनात चढतात, हजरत निजामुद्दीनला उतरतात, आणि तिथून रिंग रोडने पुढचे बारा-तेरा किलोमीटर माझ्या जबाबदारीवर. मोसम संपला की बदल्यांचे दिवस. मग आंबे पोचवणारी माझी गाडीच आर. के. पुरमच्या सेक्टरांमधून कपाटं, दिवाण आणि कूलर वाहते.

पहिली तीन वर्षं भाड्याच्या टेम्पोवर काढली. 2017 मध्ये स्वतःचा पिकअप घेतला, तो चुकला. 2021 मध्ये दुसरी गाडी घेतली, ती अजून आहे. दोन्ही गाड्या लोकांना विचारूनच घेतल्या होत्या; त्यातून शिकले ते हे.

1. ‘गाडी कशी आहे?’ असं मालकाला विचारू नये.

पहिल्या वेळी मी हेच विचारत फिरले. नजफगढच्या बाजूला वाळू-खडीचा धंदा करणारे एक गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे एकाच बनावटीचे चार पिकअप होते. बॉनेटवर थाप मारून म्हणाले, “मॅडमजी, दो टन डाल लो, उफ तक नहीं करेगी.” बारामतीच्या मावसभावाला फोन केला. त्याच्याकडेही तीच गाडी, तोही म्हणाला, “ताई, डोळे झाकून घे. लोखंड आहे नुसतं.” दोन प्रांतांतले दोन मालक एकच बोलतायत म्हटल्यावर मी खरंच डोळे झाकले आणि 2011 ची, दीड टन सहज ओढणारी डिझेल गाडी घेतली.

दोघंही खोटं बोलले नव्हते. त्यांच्या गाडीत काय असतं, हे मी विचारलं नव्हतं.

2. मालकाचं कौतुक त्याच्या मालापुरतं खरं असतं.

त्या मोसमात पहिला फोन आला तो पेट्या पोचवल्यावर आठ-नऊ दिवसांनी. सेक्टर 4 मधल्या काकू. “अगं, वरचे थर सुरेख आहेत, खालचे सगळे डागी.” मग दुसरा फोन, तिसरा. मी तडक देवगडला बागायतदारांना फोन लावला आणि साका झालेला माल पाठवलात म्हणून चांगलंच तोंडसुख घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “डाग बाहेर आहे की कापल्यावर आत?” बाहेर, सालीवर. “मग तो साका नव्हे. साका कोयीजवळ असतो, बाहेरून कळत नाही. तुमच्या आंब्याला मार लागलाय. पेटी आपटतेय कुठेतरी.”

मी खोलीवर जाऊन एक पेटी रिकामी केली. तळाच्या पेंढ्यावर टेकलेल्या प्रत्येक फळाला एकाच बाजूला, नाण्याएवढा, दबलेला काळा डाग. आंबा कच्चा असताना दणका बसला तर त्या दिवशी काही दिसत नाही. आढीत पिकत गेला की तिथली जागा काळी पडून बसते. म्हणून तर फोन आठ दिवसांनी येत होते.

दणका कुठून येतो ते दुसऱ्या दिवशी हौद्यात बसून पाहिलं. अशा गाडीचे मागचे पाटे दीड टन वजनाखाली वाकावेत म्हणून बनवलेले असतात. माझ्या पस्तीस पेट्या, प्रत्येकी वीसेक किलो, म्हणजे सगळे मिळून सातशे किलो. तेवढ्यात पाटे दबतच नाहीत, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट फळीत येतो. भिकाजी कामा प्लेसवरून आत वळलं की आमच्या सेक्टरांत पावलापावलावर स्पीडब्रेकर. दोन पेट्यांमध्ये बसून मी ते मोजायला लागले आणि अकराव्याला सोडून दिलं. वाळू-खडीवाल्यांची तक्रार नसणारच. खडीला कुठे डाग पडतो?

उपाय सगळे केले. टायरमधली हवा कमी केली, तळाला जुन्या गाद्या घातल्या. ड्रायव्हरने गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने एक पाटा काढून टाकला. आंबे जरा सुधारले, पण जूनमध्ये एका बदलीचं सामान भरलं तेव्हा गाडी मागून बसली आणि लोखंडी कपाटासह एका कुशीवर कलली. पाटा परत घातला.

3. दहा वर्षांचं गणित.

हे दिल्लीबाहेरच्या मालकाला विचारून उपयोग नाही. बारामतीत गाडी ‘लोखंड’ असली तरी इथे तिचं आयुष्य इंजिन ठरवत नाही. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालू नये, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 च्या एप्रिलमध्ये दिला आणि ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करायला सांगितलं. मी 2017 मध्ये 2011 ची गाडी ‘स्वस्तात’ घेतली होती. म्हणजे चारच वर्षं विकत घेतली होती. विकणाऱ्याला हे गणित पक्कं ठाऊक होतं, भाव त्यानेच बरोबर लावला होता.

त्यानंतर यात बरंच उलटसुलट झालं. 2025 च्या जुलैत जुन्या गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याचा प्रयोग झाला आणि काही दिवसांतच गुंडाळावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने तूर्त कारवाई नको म्हटलं. तारखा पुढेमागे होतात, पण अशा तारखांच्या भरवशावर धंद्याची गाडी घेऊ नये. माझी पहिली गाडी 2021 मध्ये एनओसी काढून एनसीआरबाहेर विकली. इंजिनात तोवर काहीही खोट नव्हती.

4. मालकाशी चहा घ्यावा, बोलावं ड्रायव्हरशी.

मालकाने पैसे घातलेले असतात. आपण फसलो, हे कोण सांगेल? ड्रायव्हरला ती भीती नाही. गाडीने त्याला कुठे आणि किती वाजता उभं केलं, हे त्याला पाठ असतं. दुसऱ्या वेळी मी आझादपूर मंडईत, कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारात आणि मुनिरकामध्ये ड्रायव्हरांनाच गाठलं. प्रश्न तीनच ठेवले: रोज काय भरतोस, शेवटची बंद कुठे पडली, आणि परत चालू व्हायला किती दिवस लागले.

तिसऱ्या प्रश्नावर लोक खरे बोलायला लागतात. एकाची गाडी दोन वर्षांत एकदाच बंद पडली होती, पण सुट्या भागासाठी एकोणीस दिवस उभी राहिली. दुसऱ्याची चार-पाच वेळा पडली, दर वेळी संध्याकाळपर्यंत चालू. मालकांच्या तोंडून पहिली ‘भरवशाची’ ठरली असती. माझ्या धंद्यात एप्रिल-मेचे एकोणीस दिवस म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश मोसम.

5. आपल्यासारखा माणूस शोधावा. तो आपल्या धंद्यातला असतोच असं नाही.

मला तो मुनिरकामध्ये सापडला. पाण्याचे जार पोचवणारा. वीस लिटरचे चाळीस जार, म्हणजे आठशे किलो, दिवसभर दर पन्नास पावलांवर थांबायचं, गल्लीत उलटं घ्यायचं, पुन्हा निघायचं. माल वेगळा, पण वजन, गल्ली आणि थांबणं माझंच. त्याने गाडीची तारीफ केलीच नाही. “क्लच प्लेट खाती है,” एवढंच म्हणाला, “पहले उसका दाम पूछ लो, गाड़ी का बाद में.” आजवर मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच.

त्याच्यासारख्या छोट्या मालगाड्यांतल्या एका गाडीची जन्मकथा इथे सांगायलाच हवी. टाटा मोटर्सने ‘एस’, म्हणजे आपला छोटा हत्ती, 2005 च्या मे महिन्यात आणला. दोन सिलिंडरचं सातशे सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालची मंडळी आराखड्याच्या आधी तीनचाकीवाल्यांना जाऊन भेटली होती. त्यांतल्या एका तरुणाने सांगितलं म्हणे, की चारचाकी असती तर गावात लग्नासाठी चांगलं स्थळ आलं असतं. ही गोष्ट ऐकली तेव्हा हसू आलं, मग नजफगढचे ते गृहस्थ आठवले. माणूस आपल्या गाडीबद्दल बोलतो तेव्हा त्यात गाडी थोडी आणि स्वतःचा रुबाब बराच असतो. कंपनीला तो रुबाब विकायचा होता, म्हणून उत्तर त्यांच्या कामाचं होतं. मला आंबे पोचवायचे होते.

   

6. काश्मिरी गेटला एक फेरी मारावी.

सुट्या भागांचा सगळ्यात मोठा बाजार तिथे आहे. काउंटरवर जाऊन पसंतीच्या मॉडेलची क्लच प्लेट, ब्रेक लायनर आणि सेल्फ मागायचा. दुकानदार मागे न वळता हात घालून काढून देतो का, की ‘परसों आना’ म्हणतो, ते बघायचं. एखादा भाग फारच पटकन निघाला तर तोच भाग सारखा जातो, हेही ओळखायचं.

7. जुनी घेणार असाल तर सकाळी सहाला जा.

आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी ती चालू करून ठेवली आहे, आणि ती का, हे विचारायचीही गरज नाही. चालू असताना ऑइलचं झाकण काढा. तिथून धूर भकाभका येत असेल तर इंजिन थकलेलं आहे. मीटर मागे नेता येतो, पण क्लच-ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर मागे नेता येत नाही. हौद्याचा पत्रा आणि फाळक्याच्या बिजागऱ्या पाहिल्या की आजवर काय वाहिलं ते कळतं. केबिनच्या मागे चॅसीवर वेल्डिंगचा जोड दिसला तर चहा पिऊन परत या. आरसी, फिटनेस, विमा तिथल्या तिथे एमपरिवाहनवर बघता येतं.

8. इंधन.

इथल्या हवेमुळे हा प्रश्न बाकी देशापेक्षा वेगळा आहे. थंडीत धुकं आणि धूर दाटला की जुन्या डिझेलवर निर्बंध येतात. सीएनजी आणि विजेच्या गाड्या बहुतेक त्यातून सुटतात. मी सीएनजी घेतली. तोटे माहीत करून घेतले होते: पंपावर रांग, चढावर दम कमी, दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी. दिल्लीत चढ म्हणजे उड्डाणपूल, तेवढा दम तिच्यात आहे. एक मात्र बघा, टाकी कारखान्यातूनच खाली बसवलेली हवी. बाहेरून बसवलेली टाकी हौद्यातली फूटभर जागा खाते, आणि बदलीच्या सामानातला सहा फुटी दिवाण त्या एका फुटासाठी अडतो.

विजेच्या छोट्या मालगाड्यांना दिल्लीत 2021 पासून नो-एंट्रीच्या वेळांतही बऱ्याच रस्त्यांवर मुभा आहे. सकाळी निजामुद्दीनला पार्सल सुटून नो-एंट्री संपेपर्यंत आंबे उन्हात ठेवून बसलेल्या बाईला याची किंमत विचारा. क्वार्टरच्या आवारात चार्जिंगची सोय असती तर मी तीच घेतली असती.

9. स्वतः चालवता येईल अशीच घ्यावी.

मे महिन्यात ड्रायव्हर लग्नाला बुलंदशहरला जातो आणि सांगितलेल्या दिवशी परत येत नाही. हलक्या मोटारीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पहिली गाडी मला रेटायची नाही. स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून यायचे. ही मी मलाई मंदिराच्या गर्दीतूनही काढते.

आता तुम्ही विचाराल, घेतली कुठली? नाव मुद्दामच सांगितलेलं नाही. माझ्या गाडीबद्दल माझ्या तोंडून चांगलंच निघणार. शिवाय तिने आजवर आठशे किलोच्या वर कधी उचललेलं नाही, घाट पाहिलेला नाही, आणि वर्षातले चार महिने ती जवळजवळ उभीच असते. तुमचा माल कांदा असेल, विटा असतील किंवा रस्ता आंबोलीचा असेल, तर माझा अनुभव सोडून द्या आणि तुमच्या मंडईत पहाटे हौद्यावर ताडपत्री आवळत असलेल्या ड्रायव्हरला गाठा. पहिला प्रश्न, रोज काय भरतोस.