पणजीची काळी साडी

प्रश्न : मी सिलतऱ्याला राहते. वडील इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात आहेत. पणजोबांपासून आमचं घर रायपूरचं, त्याआधी भंडाऱ्याकडचं. मला जुन्या साड्यांचा नाद आहे. भांडी देऊन कपडे नेणारी बोहारीण महिन्यातून एकदा येते. तिच्या गाठोड्यातून मी आजवर अकरा साड्या पैसे देऊन सोडवून घेतल्या. त्या नेसून, कधी मैत्रिणींना नेसवून, मी फोटो काढते, मोबाइलवर आणि आत्याच्या जुन्या ॲग्फा क्लिक थ्रीवर. आई म्हणते, दुसऱ्यांची लक्तरं घरात कशाला? आता मला पणजीचा लग्नानंतरचा फोटो तसाच्या तसा पुन्हा काढायचा आहे. फोटोच्या मागे पेन्सिलीने ‘शके १८४८’ लिहिलं आहे. त्यात पणजीची नऊवारी कोळशासारखी काळी दिसते. नव्या नवरीला काळी साडी कोण नेसवेल? आजी म्हणते, पणजी रंगानेही काळीच होती, फोटोत दिसतेच. मी कोणत्या रंगाची साडी शोधू? आणि या नादातून आयुष्यात काही उभं राहू शकतं का?
– एक वाचक, सिलतरा (रायपूर)

उत्तर : पणजीची साडी बहुधा काळी नव्हती. ती पिवळी असेल किंवा लाल. आणि पणजीही फोटोत दिसते तेवढी काळी नसेल. तुमच्या आजीला हे आजच सांगा. एका काचेच्या दोषापायी आपल्या कितीतरी पणज्यांच्या रंगाबद्दल घराघरांत चुकीच्या गोष्टी बोलल्या गेल्या आहेत.

शके १८४८ म्हणजे इसवी सन १९२६-२७. त्या काळी स्टुडिओत फोटो काचेच्या प्लेटवर निघत. प्लेटवरच्या रसायनाला, म्हणजे चांदीच्या क्षारांना, मुळात फक्त निळा आणि जांभळा प्रकाश दिसतो. लाल, नारिंगी, पिवळा हे रंग त्याच्या लेखी अंधारच. म्हणून निळं लुगडं फोटोत पांढुरकं येई, आणि हळदीची पिवळी साडी, कुंकू, तांबडं लुगडं ही सगळी काळी उतरत. बर्लिनच्या हेरमान फोगेल यांनी १८७३ साली शोधून काढलं, की रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं की प्लेटला हिरवा आणि काहीसा पिवळाही दिसू लागतो. अशा प्लेटना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. लाल मात्र त्यांनाही दिसत नसे. सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेट इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने १९०६ साली बाजारात आणल्या, तरी पुढची कित्येक वर्षं स्टुडिओवाले जुन्याच प्लेट वापरत राहिले. त्या स्वस्त होत्या, आणि लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांसमोर धुता येत. पँक्रोमॅटिक प्लेटला लाल दिवाही चालत नाही, मिट्ट अंधारात काम करावं लागतं.

आपली त्वचा तांबूस-तपकिरी. तिच्यावरून लाल प्रकाश भरपूर परततो आणि निळा थोडा. निळ्याशिवाय काही न पाहणाऱ्या काचेवर गव्हाळ बाई सावळी येते आणि सावळी बाई काळी. म्हणून स्टुडिओवाले निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी बारीक पेन्सिल फिरवून तो उजळ करत. ज्यांच्या फोटोवर ही मेहनत झाली त्या गोऱ्या ठरल्या, बाकीच्या काळ्या. वर्णावरून बायकांना किती सोसावं लागतं हे आपण जाणतो, म्हणून ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

आता साडीकडे. लग्नात नवरीची अष्टपुत्री पिवळी असते, म्हणून पहिला अंदाज पिवळीचा. पण लग्नानंतर स्टुडिओत जाताना शालू किंवा लाल काठापदराचं लुगडंही नेसलेलं असू शकतं. यातलं कोणतं, याचा माग फोटोतच सापडेल. भिंग घेऊन पणजीच्या हातांकडे पाहा. नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा असणार. चुडा आणि कपाळावरचं कुंकू दोन्ही सारखेच काळे दिसत असतील, तर प्लेट साधी, फक्त निळा पाहणारी होती, आणि साध्या प्लेटवर पिवळंही काळं होतं. चुडा कुंकवापेक्षा स्पष्ट उजळ, करडा दिसत असेल, तर प्लेट ऑर्थोक्रोमॅटिक. तिच्यावर पिवळी साडी कोळशासारखी काळी दिसली नसती, म्हणजे साडी लाल किंवा डाळिंबी. बांगडीवर दिव्याची चमक पडली असेल ती जागा सोडून द्या. बांगडीची काच अगदी गडद हिरवी असेल तर ही खूण फसू शकते, म्हणून तिला पक्का पुरावा मानू नका. पण शोध कोणत्या बाजूने न्यायचा एवढं ती नक्की सांगेल.

हे घरीच पडताळून पाहता येतं. हळदीच्या रंगाची एखादी साडी नेसा, कुंकू लावा, हिरव्या बांगड्या भरा आणि मोबाइलवर रंगीत फोटो काढा. मग तो कृष्णधवल करताना लाल, नारिंगी, पिवळा आणि हिरवा या चारही रंगांच्या पट्ट्या पार खाली आणा, निळी वर न्या. पणजीच्या फोटोतला काळा रंग तुमच्या अंगावर उतरलेला दिसेल. त्याहून मोठा आनंद हवा असेल तर आत्याच्या कॅमेऱ्याकडे वळा. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेल्या क्लिक थ्रीने आपल्या दोन पिढ्यांचे वाढदिवस आणि सहली टिपल्या. त्यात १२० आकाराचा रोल लागतो, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. इल्फर्ड कंपनीची ऑर्थो प्लस ही लाल न पाहणारी फिल्म आज याच आकारात मिळते. भर उन्हात काढलेत तर तुमचं कुंकू पणजीच्या कुंकवासारखंच काळंभोर येईल.

हे कळलं की घरातला सगळा अल्बम वेगळा दिसू लागतो. केशवपन केलेल्या विधवेचं तांबडं आलवण आणि नवरीची पिवळी अष्टपुत्री, दोन्ही साध्या प्लेटवर सारख्याच काळ्या. जगताना त्या दोन बायकांमध्ये केवढं अंतर होतं! फोटोने ते पुसून टाकलं. खरी काळी साडी आपल्याकडे नव्हती असंही नाही. संक्रांतीची चंद्रकळा काळीच. ती फोटोत ओळखायची तर नेसणाऱ्या बाईच्या अंगावर हलव्याचे दागिने आहेत का ते पाहावं.

रंग फोटोत सापडत नाही, तेव्हा तो कापडात शोधावा लागतो. इथे तुमचा नाद उपयोगी पडतो. तुमचं घराणं भंडाऱ्याकडचं, म्हणून काठ नीट न्याहाळा. काठाच्या आतल्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी ओळ असेल तर ती करवतकाठी. ती विणायला एक नव्हे, तीन धोटे लागतात. मधल्या अंगाचा एक आणि दोन्ही काठांचे दोन. मधलं अंग टसरचं असतं. टसर म्हणजे तुमच्या छत्तीसगडचा कोसा, चांप्याला विणतात तोच. त्याचा न रंगवलेला मधासारखा रंगही जुन्या प्लेटवर आहे त्याहून बराच गडद येतो. लग्नाची यादी कुणी जपून ठेवली असेल तर तीही वाचा. कुणाला कोणतं लुगडं दिलं, ते अशा यादीत रंगासकट लिहिलेलं सापडतं.

बोहारणीच्या गाठोड्यातल्या साड्या पुढे कुठे जातात, हे तुमच्या आईला सांगा. धडक्या साड्या जुन्या बाजारात पुन्हा विकल्या जातात, फाटक्यांच्या चिंध्या होतात, लोकरीचे कपडे पानिपतला जाऊन त्यांचं पुन्हा सूत निघतं. जुन्या जरीच्या साड्यांचं दुःख सगळ्यांत मोठं. खऱ्या जरीत रेशमावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो, म्हणून ती साडी चांदीसाठी जाळली जाते. विणकराचे कित्येक दिवस काही ग्रॅम चांदीपायी राख होतात. तुम्ही सोडवलेल्या अकरा साड्या लक्तरं नाहीत. बोहारणीशी मात्र फार घासाघीस करू नका. उन्हातान्हात दारोदार फिरून ही वस्त्रं तुमच्यापर्यंत तीच आणते. साडी कोणत्या गावची, कोणत्या वयाच्या बाईने दिली, हे तिच्या लक्षात असतं तोवर विचारून वहीत उतरवा. सोबत तारीख, किंमत, लांबी-रुंदी, काठाचा नमुना. अशी नोंद नसली तर जुनी साडी फार लवकर मुकी होते.

सिलतऱ्यापुरती एक काळजी वेगळी घ्यावी लागेल. तुमच्याकडच्या कारखान्यांच्या काळ्या धुळीत लोहाचे कण असतात. ते ओलाव्यात गंजतात, आणि लोह जुन्या सुताला नि रेशमाला आतून कुजवतं. लोह आणि हिरड्यासारख्या तुरट द्रव्यांपासून काढलेल्या काळ्या रंगाचं जुनं कापड म्हणूनच सगळ्यांत आधी विरतं. साडी आणली की लगेच पाण्यात घालू नका. आधी घरातच सावलीत पसरून मऊ कुंच्याने कोरडी धूळ उतरवा. गच्चीवर वाळत टाकू नका, ब्लीच तर कधीच लावू नका. नंतर धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, एकाच जागी घडी राहिली की रेशीम तिथेच तुटतं. फोटोही चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नका. तो डिंक पुढे सुटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कोल्हापूरच्या अण्णासाहेब राजोपाध्ये यांना चित्रकलेइतकीच छायाचित्रणाची आवड होती. त्यांची मुलगी भानू लहान असतानाच ते गेले. भानू मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकली, मासिकांसाठी पोशाखांची रेखाटनं करू लागली, तिथून चित्रपटांत गेली आणि १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय ठरली. ती भानू अथैया. ज्या काळाचे कपडे त्यांना उभे करायचे होते, त्याचे फोटो जवळजवळ सगळे कृष्णधवल. अशा फोटोत कापडाचा पोत दिसतो, चुण्या दिसतात, रंग मात्र दुसरीकडून आणावा लागतो. पणजीच्या फोटोपुढे बसून तुम्ही तेच करता आहात.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचं उदाहरण मला तुमच्या आणखी जवळचं वाटतं. चष्म्याचं दुकान चालवणारे हे गृहस्थ ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करत आणि लोकांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू गोळा करत. दिवे, अडकित्ते, भांडी, वस्त्रं. अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी त्या संग्रहाला दिलं. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. सुट्टीत पुण्याला गेलात तर आईला तिथे घेऊन जा. माझ्या उत्तराने होणार नाही ते तिथल्या एका दालनाने होईल.

स्वतःच जुने कपडे घालून स्वतःचे फोटो काढणं हाही पोरखेळ नाही. न्यूयॉर्कच्या सिंडी शर्मन यांनी १९७७ ते १९८० या काळात जुन्या कपड्यांच्या दुकानांतून मिळवलेले पोशाख घालून जी चित्रमालिका केली, ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहे. बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासोबत रविवर्म्याच्या चित्रांतल्या आणि जुन्या छायाचित्रांतल्या बायका स्वतः त्या वेशात उभं राहून पुन्हा टिपल्या. दोघींनी नुसती हौस केली नाही, बाईला कसं पाहिलं जात होतं हे त्या शोधत होत्या. तुमचं काम उभं राहणार असेल तर तेही असंच राहील. सुंदर साडी नेसून सुंदर फोटो पुष्कळ जण काढतात. फोटो काय खोटं सांगतो आणि कापड त्याला कसं खोडतं, हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवणारं मराठीत फार थोडं आहे. तुमच्यापाशी फोटो आहे, साड्या आहेत आणि ही शंका घेणारा डोळाही आहे. पोटापाण्याची सोय मात्र वेगळी धरा. केळकरही पोटासाठी चष्म्याचं दुकान चालवत होते.

पणजीचं ते लुगडं कुठे गेलं असेल, तेही सांगतो. आपल्या घरांत जुनं लुगडं टाकत नसत, त्याची गोधडी होई. वरचा थर उन्हाने, धुण्याने विटतो, पण आतल्या थरांना उजेड लागत नाही, त्यामुळे तिथे रंग टिकून राहतो. घरात आजीच्या वेळची एखादी वाकळ किंवा गोधडी असेल, तर आजीला शेजारी बसवून तिचा एक कोपरा, टाके आधीच ढिले झालेत तिथे, चार बोटं उसवून आत पाहा. पाहून झालं की त्याच भोकांतून पुन्हा टाके घाला. आत कोणता रंग निघाला ते आम्हाला जरूर कळवा.