लष्करातली रेडिओची विद्या बाहेर चालते का?

प्रश्न : मी लष्कराच्या सिग्नल्स कोअरमध्ये हवालदार आहे. बरीच वर्षं फ्रिक्वेन्सी सांभाळण्यात आणि इंटरफेरन्स शोधण्यात गेली. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. काम गोपनीय, त्यात इंजिनिअरिंगची पदवी नाही. सिक्युरिटी गार्डशिवाय काही मिळेल का?
– एक वाचक, लोहारा, जि. यवतमाळ

उत्तर : मिळेल की! गोपनीय आहेत त्या तुमच्या फ्रिक्वेन्सी, ठिकाणं, उपकरणांची नावं. ती बायोडेटात येऊ देऊ नका. १९२३चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. कौशल्य मात्र तुमचंच. ‘स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि दिशादर्शक अँटेना वापरून इंटरफेरन्सचा उगम शोधतो’ एवढं लिहा. टॉवरवरच्या गंजलेल्या कनेक्टरमुळे होणाऱ्या इंटरफेरन्सनं वैतागलेल्या मोबाइल कंपनीच्या माणसाला तेवढं पुरतं.

निवृत्तीआधीच युनिटमार्फत डीजीआरच्या (संरक्षण खात्याचं पुनर्वसन महासंचालनालय) कोर्ससाठी अर्ज करा. नेटवर्किंगचा घ्या, सोपा म्हणून सिक्युरिटीचा नको. सरकारी वाटही आहे. दूरसंचार विभागाचं वायरलेस मॉनिटरिंग केंद्र नागपुरात आहे, आणि केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांत माजी सैनिकांना १० टक्के आरक्षण असतं. दहावी आणि १५ वर्षं सेवा असेल, तर पदवी मागणाऱ्या काही बिगर-तांत्रिक पदांनाही तुम्ही पात्र ठरता. तपशील यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. खासगी नोकरीसाठी मात्र सुरुवातीला नागपूर-पुण्याची तयारी ठेवा.

नोकरीसाठी किंवा शेतात मोबाइल टॉवर बसवून देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले, तर ग्रॅच्युइटीतला एक रुपयाही देऊ नका.